काकांनी लाटलेला बंगला

प्रभूच्या आजोबांच्या जुन्या फोटोत मागे खांबांचा भलामोठा बंगला होता. तो काकांनी परस्पर लाटला, असं वडील मरेपर्यंत सांगत राहिले, म्हणून प्रभू काकांच्या मातीलाही गेला नाही. तो बंगला शोधत सोलापूर, अक्कलकोट पालथं घालून तो पार थकला, तेव्हा नाइलाजानं त्यानं काकांच्या मुलीचं, महादेवीचं दार वाजवलं.

फोटो बघून ती म्हणाली, "अण्णा, हा तर तुमच्या वडलांनी बळकावला म्हणायचे की आमचे अप्पा!"

प्रभू खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर तिच्या सासू-सासऱ्यांचा फोटो होता.



त्यांच्याही मागे तोच बंगला होता. फक्त फोटोवाल्यानं पडदा नीट ताणला नसल्यामुळे त्याचे खांब मधोमध दुमडले होते.