जीपभर मतं

उभी

"शिक्का उभ्या बाटलीवरच. आडवीवर मारलात तर आपलं दारूचं दुकान बंद आणि घरातली चूलही बंद. कळलं?"

दारूबंदीच्या मतदानाला आणलेल्या घरच्या बायकांना जीपमधून उतरवताना हणमंतशेठनं पुन्हा बजावलं. आई, बायको, चुलत्या, आणि शेवटी धाकट्या भावाची विधवा. भाऊ गेल्या वर्षी त्याच दुकानातली पिऊन गेला होता.

"कळलं, भाऊजी," ती म्हणाली.

आडवी

संध्याकाळी निकाल लागला. बाटली आडवी झाली होती, एका जीपमध्ये मावतील एवढ्याच मतांनी.

"अहो शेठ, गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात," मोजणीचा कारकून म्हणाला. "जी आलीच नाही, ती आपोआप तुमच्या बाजूची. मग जीप भरून आणल्यात कशाला?"

घरी सगळ्या चुलीपुढं बसल्या होत्या. सगळ्यांच्या बोटांना सारखीच शाई.

"कोणी केलं हे?"

हणमंतशेठनं दारातूनच विचारलं.

"मत गुप्त असतं, बाळा," भाकरी थापत आई म्हणाली.

धाकट्या भावजयीनं त्याचं ताट पुढं ओढलं आणि पहिली गरम भाकरी त्यात वाढली.