आरशागत भोक
बंदुका दुरुस्त करणारे वडील वारल्यावर सोमेशने शुक्रवार पेठेतल्या दुकानातली अवजारं विकायला काढली. मंद्रूपचे जोतीरामतात्या काळा चष्मा लावून आले. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. घरी ओतलेली शिशाची गोळी भोकातून दाबून नेमक्या मापाची करणारं, तिला ग्रीस लावणारं जुनं यंत्र त्यांना हवं होतं. सोमेशने ते कौतुकाने पुढे ठेवलं. “खंडेनवमीच्या पूजेसाठी पॉलिशपेपरनं घासलं. भोकसुद्धा आतनं आरशागत केलंय की!” भोकात बोट फिरवताच तात्या भडकले. “लेका, भोक मोठं केलंस! जाड गोळी नळीत अडकून नळीच फुटंल. आन् हे इकायला बसलायस? तुझा बाप तेलाच्या फडक्याशिवाय याला शिवत नव्हता!” “तात्या, एवढ्यानं काय हुतंय?” तात्यांनी चष्मा काढला. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता खड्डा होता. “माझं पयलं यंत्र बी असंच चमकत हुतं.”