दुसऱ्या खेपेची उत्तरं

“अजिबात न्हाय,” अफजलचाचा म्हणाले.

ओवीचं पेन थांबलं. “चाचा, नीट ऐका हं. गेल्या आठवड्यात खाजेमुळं झोपमोड झाली का?”

“न्हाय म्हनलं की, पोरी. पुढचं विचार.”

पुढचंही तसंच. लोकांत जायची लाज वाटली का? न्हाय. इसब आपल्याला आवरत नाही असं वाटलं का? “छ्या!”

बावड्यातल्या चाचांच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात ओवी दुसऱ्यांदा आली होती. बारामतीच्या एका दवाखान्यात इसबाच्या रुग्णांसाठी मराठीत प्रश्नावली तयार होत होती. ती भरवशाची आहे का, हे तपासायची रीत साधी होती: तोच माणूस, तेच प्रश्न, मध्ये थोडे दिवस. कातडीत फरक पडला नसेल तर उत्तरंही जवळपास तीच यायला हवीत. मागच्या खेपेला चाचांनी प्रत्येक प्रश्नाला ‘फारच’ म्हटलं होतं. आज सगळं उलटं. कोपरावरचे चट्टे आणि बोटांच्या भेगा मात्र होत्या तिथंच होत्या. दवाखान्यातल्या मॅडम म्हणणार, ओवी, तूच प्रश्न धड समजावले नाहीस.

तिनं कागद खाली ठेवला. “मागच्या वेळी तुमचे डोळे भरून आले होते. लोक माझा हात टाळतात म्हणालात. आज काहीच नाही म्हणता. मी खरं कुठलं धरू?”

“दोन्ही खरंच हाय.” चाचांनी हनुवटीनं बाकाकडं दाखवलं. “ह्याला विचार.”

बाकावर काळा चष्मा लावलेले एक म्हातारे ऐसपैस बसले होते. म्हस्कूतात्या. चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त.

“रोज हितं बसनारा मानूस,” चाचा म्हणाले. “एक दिवस तंबाखू मळली, ह्याच्यापुढं हात केला. ह्यानं घेतलीच न्हाय. उठून गेला, पुन्हा फिरकला न्हाय. मला वाटलं, आता ह्यालाबी माझी किळस यायला लागली. मग बाकीच्यांचं काय घिऊन बसायचं?”

“डोंबलाची किळस!” तात्या उसळले. “मला तुझा हात दिसला तर पायजे! डोळ्यात मोतीबिंदू. बोललो न्हवतो कुनाला, पोरं गाडी काढून घेतील म्हून. लेकीला कळलं, ती डाळजला, तिच्या सासरी घिऊन गेली, तिकडंच आप्रेशन केलं.”

“फोन तरी करायचास.”

“नंबर दिसाय नको व्हय?”

चाचा ओवीकडं वळले. “तू गेलीस आन् दुसऱ्या दिशी हे बेनं दारात हुभं.” ते हसत होते.

“आता दिसतंय मला समदं. आन हिकडं.” तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चाचांचा उजवा हात ओढून घेतला आणि उलटापालटा करून पाहिला. “आरं बाबा, एवढ्या भेगा! आन् मलम काय नुसतं फळीवर मांडायला आणलंय?”

तात्यांनी फळीवरची मलमाची डबी घेतली आणि झाकण काढलं.

“हळू, मेल्या.”

“गप बस.”

ओवीनं कागद उचलला. “चाचा, शेवटचा प्रश्न. मागच्या वेळेपासून त्वचेत काही फरक?”

“कातडी हाय तशीच हाय.”

‘काही फरक नाही’ यावर तिनं खूण केली. वरची उत्तरं जशी आली तशीच राहू दिली. मॅडम काय म्हणायचं ते म्हणू देत.

खाली चाचांची सही हवी होती. तिनं पेन पुढं केलं आणि मागं घेतलं. चाचांचा उजवा हात तात्यांच्या मांडीवर होता, आणि तात्या अजून करंगळीपर्यंत पोचले नव्हते.