घरच्या घरी दुरुस्ती

"अरे, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. येऊन बघतोस का जरा?" आईचा फोन यायचा. एका नळासाठी दीड तास गाडी हाकत कोण जाणार? मी व्हिडिओ पाठवून द्यायचो. "हे बघ आणि कर. दहा मिनिटांचं काम आहे, तुला डोळे मिटून जमेल."

आणि ती खरंच करायची! नळाचा वायसर बदलला, खुर्चीचा डुगडुगणारा पाय घट्ट बसवला, कपाटाची निसटलेली बिजागरी आवळली. दर वेळी फोटो पाठवायची, त्यात अर्धा तिचा अंगठाच असायचा, आणि खाली लिहायची, "जमलं रे." मी ते फोटो ऑफिसभर दाखवत फिरायचो. "बघा, आमच्या मातोश्री सत्तरीत मिस्त्री झाल्या!"

परवा आई गेली. नातेवाइकांना कळवायला नंबर हवे होते म्हणून तिचा फोन उघडला, तर समोर व्हिडिओंचं ॲप. तिने काय काय शोधलं, काय काय पाहिलं, याची तारीखवार यादी होती. मी पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ तिने दोन-दोनदा पाहिला होता. पण त्या प्रत्येकाच्या आधी, त्याच दिवशी सकाळी, मला फोन करण्यापूर्वी, तिने स्वतः काहीतरी शोधलं होतं. सगळ्यात पहिली ओळ होती,



"चांगला चाललेला नळ गळका कसा करायचा?"