सगळ्यात वरचं कमिट

तो प्रोग्राम ती आणि तिचा नवरा, दोघंच लिहीत. नवरा अपघातात गेला. ती कामावर परतली तेव्हा केलेल्या बदलांच्या यादीत सगळ्यात वर त्याचंच शेवटचं कमिट, म्हणजे नाव-तारखेसह केलेली बदलांची नोंद, होतं.

त्यानंतर तिने नवीन कमिट केलंच नाही. रोजचं काम ती त्याच्याच कमिटमध्ये दुरुस्ती म्हणून घालायची. तशी दुरुस्ती केली की नाव आणि तारीख मूळचीच राहते.

टीम लीड नवऱ्याचा जुना मित्र. एक दिवस तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“वहिनी, एका कमिटमध्ये अख्खं दुकान भरलंत की. आता नवीन करा.”

“नवीन केलं की ते खाली जातं, भाऊजी.”

“कधीतरी जाणारच ना? तुमच्या हातून होत नसेल, तर आज मी माझं काम वर टाकतो.”



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भीत भीत यादी उघडली. लीडचं सगळं काम आलेलं होतं.



वर नाव नवऱ्याचंच होतं, आणि तारीख, तो धडधाकट घरी परतला होता त्या शेवटच्या संध्याकाळची.