मऊ काटा
समुद्रातल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांचा कारभार वडिलांकडून त्याच्या हाती आल्यापासून घरात शिजलेला हा तिथला पहिलाच मासा. "बाबा, काटे टोचतच नाहीत!" लेक हरखली आणि त्याची छाती फुगली. वडील मात्र जेवता जेवता थांबले. त्यांनी ताटातला माशाचा कणा उचलून वाकवला. तो मोडला नाही. ओल्या सुतळीसारखा बोटाभोवती गुंडाळला गेला. "खाद्यातली खनिजांची पूड बंद केलीस?" "समुद्राच्या माशाला क्षार चारणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणंच की, अण्णा," तो हसला. "अरे शहाण्या, हाडांना फॉस्फरस लागतो. तो पाण्यात मिळत नाही, घासातूनच द्यावा लागतो." पिंजऱ्यात वाकड्या पाठीनं पोहणारे मासे त्याला आठवले; त्या वाकडेपणाचं खापर त्यानं लाटांवर फोडलं होतं. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. "आजोबा, आपले सगळे मासे असेच मऊ?" लेकीनं विचारलं. आजोबांनी उत्तरासाठी मुलाकडे पाहिलं.