भिंतीवरचा बटाटा

ताईने एक्स-रे फिल्म फडक्याने पुसली, खिडकीसमोर धरली आणि भावाला म्हणाली, "ही माझ्याकडची नाही."

भाऊ टेबलाखालून रंगाचे डबे बाहेर ओढत होता. त्याने मान वर केली नाही. दुपारी प्रदर्शनवाल्यांची गाडी यायची होती आणि खोलीत अजून पाय ठेवायला जागा नव्हती.

त्याला सगळे छाप्या म्हणत. जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडने आकार कापायचा, फिल्म भिंतीला लावायची, वरून स्प्रे मारायचा आणि पोबारा करायचा, हा त्याचा उद्योग. फिल्म पुरवायची ताई. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. हललेल्या, काळ्या पडलेल्या, बाद झालेल्या फिल्म घरी आणायची आणि बदल्यात, रंग मारताना तोंडाला मास्क बांध म्हणून त्याच्या मागे लागायची. तो हो म्हणायचा आणि बांधायचा नाही. पूर्वी पालिकेची माणसं त्याच्या चित्रांवर चुना फासत. आता त्याच चित्रांवर काच बसवतात. दोरीवर कपडे वाळत घालणारा त्याचा ट्रॅफिक हवालदार पाहून गावोगावची पोरं ब्लेड घेऊन बसली होती.

मग गेल्या काही महिन्यांत तो आकार आला. तळहाताएवढा, ओबडधोबड, एका कडेला काटे फुटलेला. त्याला नाव नाही, खुलासा नाही. कुणी ढग म्हणालं, कुणी बेट. एका जाणकाराने पेपरात दोन रकाने भरून त्यातून माणसाचं एकटेपण शोधून काढलं. दूरदूरच्या नावाजलेल्या स्टेन्सिलवाल्यांनी तो आपापल्या भिंतींवर उचलला. ताई मात्र कामावर जाताना तो बघायची आणि घरी आल्यावर विचारायची, की तुझ्या बटाट्याला अजून किती कोंब फुटणार आहेत. भाऊ हसायचा आणि विषय बदलायचा.

आता तिच्या हातात होती ती त्याच बटाट्याची फिल्म.

खिडकीच्या उजेडात कापलेल्या भोकाभोवती बरगड्या दिसू लागल्या. फिल्म बाद नव्हती, चांगली नीट काढलेली होती. कोपऱ्यातलं नाव तेवढं कापून टाकलं होतं. कुठल्या पेशंटची फिल्म उचलून आणलीस, असं ती खडसावून विचारणार होती. तेवढ्यात तिला गळ्याजवळचं हाड दिसलं. मोडून वाकडं जुळलेलं. शाळेत असताना भाऊ कुंपणाच्या भिंतीवरून पडला होता, तेव्हा तिनेच त्याला दवाखान्यात नेलं होतं.

ताई मिळेल त्या खुर्चीवर बसली आणि तिने पुन्हा त्या भोकाकडे पाहिलं. ब्लेड जिथे जरासं आत सरकलं होतं, तिथे कडेला पांढुरका डाग उरला होता. छाप्याने मनाने काहीच काढलं नव्हतं. छातीत जे होतं, त्याच्याच कडेकडेने त्याने ब्लेड फिरवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

भावाने हातातला रंगाचा डबा जमिनीवर ठेवला.

"तोंडाने सांगवेना, ताई. म्हणून तुझ्या कामाच्या वाटेवर काढत गेलो. वाटलं, तू रोज असले डाग बघतेस, तू तरी ओळखशील."